कोलंबस थांबेपर्यंत

ज्योत्स्ना नाशिकरोडच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. त्या आठवड्यात अकरावीच्या वर्गात लंबकाची गणितं चालू होती. एरवी मुलं ह्या धड्याला घाबरायची, कारण गोळा झुलताना त्याच्यावरचं बल क्षणाक्षणाला बदलतं आणि ते धरायला गेलं की पान भरून समीकरणं होतात. ज्योत्स्ना सांगायची, त्यात शिरायचंच नाही. गोळा किती उंचीवरून सोडला तेवढं बघा. वर जेवढी स्थितिज ऊर्जा होती, तेवढीच तळाला गतिज ऊर्जा होऊन येणार. दोन्हीकडचं वस्तुमान उडून जातं, उरते फक्त उंची, आणि चार ओळींत वेग हातात येतो. मुलं खूश व्हायची. प्रत्येक गणिताखाली एक वाक्य ठरलेलं असायचं : घर्षण आणि हवेचा विरोध दुर्लक्षित करा.

शनिवारी कॉलेज लवकर सुटलं. देवळाली कॅम्पच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर मीना बाजार लागला होता आणि तिची मुलगी साक्षी आठवडाभर त्याच्या मागे लागली होती. नवरा मनोज मनमाडला रेल्वेत, त्याची ड्युटी होती. मग ज्योत्स्ना, साक्षी आणि ज्योत्स्नाची आई भिमाबाई अशा तिघीच रिक्षाने गेल्या.

भिमाबाई अंगणवाडीत मदतनीस म्हणून निवृत्त झाली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना जत्रेत धरून फिरवलं, पण स्वतः कधी पाळण्यात बसली नव्हती. त्या दिवशी कोलंबससमोर ती थांबली. कोलंबस म्हणजे ती मोठी लोखंडी नाव, दोन उंच खांबांच्या मधे टांगलेली, एकदा ह्या बाजूला वर जाते, एकदा त्या बाजूला. नावेत समोरासमोर तोंड करून माणसं बसलेली आणि ओरडत होती.

"मी बसते हिच्यात," भिमाबाई म्हणाली.

"आई, तुला झेपेल का?"

"पोटात गोळा येईल, एवढंच ना? येऊ दे. तू येतेस?"

"मला चक्कर येते. तुम्ही दोघी बसा."

साक्षीला टोकाचीच सीट हवी होती, कारण टोक सगळ्यात उंच जातं. दोघी टोकाला बसल्या. नाव चालवणारा नाथा नावाचा पन्नाशीचा माणूस होता. त्याने प्रत्येक सीटपुढचा लोखंडी दांडा पाडला, कड्या अडकवल्या आणि खाली येऊन मोटार सुरू केली. नावेच्या पोटाखाली खड्ड्यात एक जुनं ट्रकचं टायर फिरत होतं. नाथा लिव्हर ओढायचा तसं ते टायर वर येऊन नावेच्या तळाला घासायचं आणि तिला रेटायचं. थांबवतानाही तेच टायर, फक्त फिरायचं बंद करून तळाला दाबायचं.

नाव चांगली वर जायला लागली. साक्षीने वरून हात हलवला. ज्योत्स्नाने मोबाइल काढून फोटो घेतला.

तेवढ्यात खालून मोठा आवाज झाला. नावेला एक हिसका बसला. नाथाच्या हातातली लिव्हर सैल होऊन लोंबायला लागली आणि टायर तिरकं होऊन खड्ड्यात पडलं. त्याने धावत जाऊन मोटार बंद केली. गाणी थांबली. नाव मात्र तशीच झुलत राहिली.

"ब्रेक तुटला," नाथा म्हणाला. तो कुणाला सांगत होता ते त्यालाही माहीत नव्हतं.

ज्योत्स्ना आधी फारशी घाबरली नाही. रेटणारं काही उरलं नाही, म्हणजे नाव आता आपोआप मंद होत जाणार. पण नाव तिच्या बाजूला वर आली तेव्हा तिला दिसलं, आई आणि साक्षीच्या पुढचा दांडा उघडा पडला होता. त्या हिसक्याने कडी निसटली असावी. दांडा बाहेरच्या अंगाला आपटत होता. भिमाबाईने एक हात सीटशेजारच्या लोखंडी खांबाला घातला होता आणि दुसऱ्या हाताने साक्षीला पोटाशी आवळलं होतं. नाव खाली यायला लागली की टोकाच्या सीटवरची माणसं जागेवरून उचलल्यासारखी होत होती. साक्षीचे पाय हवेत येत होते.

"आई, सोडू नकोस," ज्योत्स्ना ओरडली. नाव तोवर खाली गेली होती.

कठड्याजवळ गर्दी झाली. जो तो काहीतरी सांगत होता. एका तिशीच्या माणसाने बाजूला रचलेल्या ढिगातली जाड फळी उचलली आणि तो नावेच्या खालच्या खड्ड्याकडे निघाला. त्याच्यामागे आणखी दोघं निघाले. फळी खाली अडकवायची आणि नाव थांबवायची, असा त्यांचा विचार होता.

ज्योत्स्ना त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"फळी घालू नका."

"ताई, बाजूला व्हा. माझे वडील आहेत वर. बायको आहे."

"मी फिजिक्स शिकवते. ऐका माझं. ती खाली येते तेव्हा तिला किती वेग असतो माहितीये?"

तिच्या डोक्यात तो हिशोब आपोआप झाला होता. वरच्या आसापासून सीटपर्यंत आठ मीटर धरले. साठ अंशांपर्यंत जाते, म्हणजे तळापासून चार मीटर वर. दोन गुणिले दहा गुणिले चार, ऐंशी. त्याचं वर्गमूळ नऊच्या आसपास. सेकंदाला नऊ मीटर.

"तासाला तीस-बत्तीस किलोमीटर," ती म्हणाली. "आणि माणसं धरून वजन तीन टन तरी असेल."

"मी टेम्पो चालवतो. ब्रेक गेला की आम्ही चाकाखाली दगडच घालतो."

"चालत्या टेम्पोच्या? तीसच्या स्पीडला? मागे माणसं उभी असताना?"

तो थांबला. त्याचं नाव दीपक. हे तिला नंतर कळलं.

"फळी मोडेल," ज्योत्स्ना म्हणाली. "नाही मोडली तर नाव जागच्या जागी अडेल आणि माणसं पुढे जातील. तिकडे टोकाला बघा. त्यांच्यापुढचा दांडा सुटलाय."

दीपकने बघितलं. मागचे दोघंही बघत राहिले.

नाव पुन्हा खाली आली. मधल्या सीटवरून एक बाई ओरडत होती. ती दीपकची बायको मोहिनी. नाव जवळ येई तेव्हा शब्द कळायचे आणि लांब गेली की नुसता आवाज उरायचा.

"अण्णांना घाम फुटलाय... अण्णा बोलत नाहीत... थांबवा ना..."

तिच्या शेजारी पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा माणूस मान खाली घालून बसला होता. एक हात छातीवर होता. ते दीपकचे वडील, पुंजाराम. येवल्याहून मुलाकडे चार दिवस राहायला आले होते.

दीपकने फळी पुन्हा उचलली.

"थांबा," ज्योत्स्ना म्हणाली.

"अहो, दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय. त्या टोकाला माझी आई आणि मुलगी आहेत. एकदम थांबली तर त्या बाहेर फेकल्या जातील."

"आणि माझा बाप?"

इतका वेळ ती जे बोलत होती ते वर्गात सांगितल्यासारखं पक्कं होतं. ह्या प्रश्नापाशी ते संपलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण थोडं थांबा. ती कमी होतेय. बघा, कमी होतेय."

दीपक फळी धरून तसाच उभा राहिला. त्याने तिला ढकललं असतं तर ती पडली असती, आणि बाकीचे दोघं त्याच्या मागे गेले असते. त्याने ढकललं नाही.

मग सगळ्यांनी वाट बघितली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. खांबावर रंगीत बल्ब लावलेले होते आणि नावेचं टोक कोणत्या बल्बाच्या उंचीपर्यंत पोचतंय ते ज्योत्स्ना बघत होती. मघाशी जिथपर्यंत गेलं होतं तिथपर्यंत आता जात नव्हतं, पण फरक फार थोडा होता. एवढी सगळी ऊर्जा नावेत भरलेली होती आणि ती बाहेर पडायला वाट एकच होती, वरच्या बेअरिंगचं घर्षण आणि थोडीशी हवा. वर्षानुवर्षं ती मुलांना हेच दुर्लक्षित करायला सांगत आली होती. आता तेवढंच काम करत होतं, आणि फार सावकाश करत होतं. तिला वाटलं हात लावावा, काहीतरी घासावं, खेचावं. नाथाने एक गोणपाट तळाखाली धरून पाहिलं, ते त्याच्या हातातून ओरबाडलं गेलं आणि त्याची बोटं सोलून निघाली. त्यानंतर कुणी पुढे झालं नाही.

भिमाबाई ओरडत नव्हती. प्रत्येक वेळी टोक वर आलं की ज्योत्स्नाला तिचा चेहरा दिसायचा. डोळे घट्ट मिटलेले, दात आवळलेले. साक्षीचं तोंड तिच्या पदरात होतं. मोहिनीचंही ओरडणं बंद झालं होतं. ती सासऱ्यांना दोन्ही हातांनी धरून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलत होती.

दीपक एकदाच बोलला. "किती वेळ अजून?"

"सांगता येत नाही," ज्योत्स्ना म्हणाली. आणि ते खरंच होतं. घर्षण किती, हे माहीत असल्याशिवाय तो हिशोब होत नाही.

नाव कंबरेइतकी वर जायला लागली तेव्हा दीपकने फळी टाकली आणि तो धावला. सगळे धावले. आठ-दहा जणांनी नावेची कड धरली, थोडे फरपटत गेले, परत आले, आणि ती थांबली.

साक्षी उतरली ती सरळ ज्योत्स्नाच्या अंगावर आली. भिमाबाईचा हात खांबावरून निघेना. बोटं एकेक करून सोडवावी लागली. खांदा निखळला होता आणि तिचं तिला कळलंही नव्हतं.

पुंजारामांना दीपकने खांद्यावर घेतलं आणि रिक्षात घातलं. हॉस्पिटलमध्ये नेल्यावर डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काही उरलं नाही. आईचा खांदा बसवायला ज्योत्स्ना त्याच हॉस्पिटलात आली होती. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला दीपक भिंतीला टेकून बसलेला तिला दिसला. त्यानेही तिला पाहिलं. तिला उठून जायचं होतं. आई म्हणाली, "जा, बोल त्याच्याशी." ती गेली नाही.

पोलिसांनी पाळणेवाल्यांवर गुन्हा नोंदवला. मीना बाजार उठला.

कॉलेजात लंबकाचा धडा अर्धा राहिला होता, तो ज्योत्स्नाने संपवला. उंची दिली की वेग काढायचा, वेग दिला की उंची. मुलं भराभर गणितं सोडवत होती. फळ्यावर लिहिताना शेवटचं वाक्य आलं की तिचा हात अडायचा, मग ती ते लिहायची.

घरी साक्षी झोपेत पाय झाडायची. दिवसा मात्र ती त्या दिवसाबद्दल बोलायची नाही. भिमाबाईचा हात गळ्यात बांधलेला होता. तिला ताट-वाटीही उचलता येत नव्हती आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा.

एक दिवस कॉलेज सुटताना दीपक गेटवर उभा दिसला. डोकं भादरलेलं होतं. शिपायाने त्याला आत सोडलं नव्हतं.

"मॅडम, एक काम होतं," तो म्हणाला.

ते समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभे राहिले.

"आमच्या आईला येऊन सांगाल का?"

"काय सांगू?"

"तेच. मला जे सांगितलं होतं. गावाकडे सगळे म्हणतात, बाप वर मरत होता आणि पोरगा फळी धरून उभा राहिला. मी सांगायचा प्रयत्न केला. मला नाही सांगता येत. स्पीड किती, वजन किती, सगळं विसरतो मी. मोहिनी पण विचारते, थांबलात का म्हणून."

"तुम्ही माझ्यामुळे थांबलात."

"ते नका सांगू. थांबवणं शक्यच नव्हतं, असं सांगा."

रविवारी ती एसटीने येवल्याला गेली. दीपक स्टँडवर घ्यायला आला होता. घर विणकरांच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत हातमाग, त्यावर पुंजारामांनी अर्धवट विणलेली पैठणी तशीच ताणलेली, वर जुनं धोतर झाकलेलं. मागाच्या बाजूला चटईवर दीपकची आई धोंडाबाई बसली होती. दीपकचे चुलते रंगनाथ खुर्चीत होते. मोहिनी आतल्या दाराशी उभी राहिली.

"ह्याच मॅडम," दीपक म्हणाला.

रंगनाथांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बोला. आम्हाला बी कळू द्या, जवान पोरगा कसा काय थांबला ते."

ज्योत्स्नाने सांगायला सुरुवात केली. उंची, वेग, वजन. तिचं तिलाच कळलं की हे कुणाच्या कानावर पडत नाहीये. ती थांबली. कोपऱ्यात रेशीम तोलायचा काटा टांगलेला होता.

"मावशी, ह्याचं एक पारडं घेऊ का?"

धोंडाबाईने मान हलवली. दीपकने पारडं सोडवून दिलं. तीन दोऱ्यांना टांगलेली पितळी ताटली. ज्योत्स्नाने तिच्यात चटईवरच्या पानाच्या डब्यातली एक सुपारी ठेवली आणि दोऱ्यांची गाठ चिमटीत धरून पारडं झुलवलं. ते बरंच वर जात होतं, दोन्ही बाजूंना तिरकं होत होतं, पण सुपारी जागची हलत नव्हती.

"अशी माणसं बसली होती," ती म्हणाली. "झुलतंय तोवर, घट्ट धरून बसली तर, ती आपापल्या जागी राहतात. आता बघा."

तिने दुसरा हात मधे आडवा धरला. पारडं हाताला आपटून अडलं. सुपारी उडून मागाखाली गेली.

रंगनाथ वाकून मागाखाली बघत राहिले, जणू सुपारी शोधायचीच होती. दीपकने श्वास सोडला. त्याला वाटलं असावं, झालं.

धोंडाबाईने पारड्याकडे पाहिलं, मग ज्योत्स्नाकडे.

"म्हंजी थांबवली असती तर तुमची पोर गेली असती."

"हो. आणि आई."

"अन् नाय थांबवली, तर हे गेले."

ज्योत्स्नाने दीपककडे पाहिलं. तो तिच्याकडे एकटक बघत होता.

"मावशी, थांबवली असती तरी ते वाचले असते का, मला सांगता येत नाही. कदाचित तोवर..."

"पण वाचले असते, असं बी असंल."

ज्योत्स्नाला 'नाही' म्हणता आलं असतं. 'नाही' म्हणायलाच तिला इथवर बोलावलं होतं. एक शब्द होता, आणि तो म्हटला असता तर त्या खोलीतल्या निदान एका माणसाला रात्री झोप लागली असती. पण धोंडाबाई तिच्या तोंडाकडे बघत होती.

"हो," ती म्हणाली. "तसंही असेल."

धोंडाबाईने मान खाली घातली. ती चटईची काडी बोटाने दाबत राहिली.

"तेंला लय त्रास झाला का वर?"

ज्योत्स्नाला तेही माहीत नव्हतं. दारातून मोहिनीच बोलली. "नाही आई. माझा हात धरला होता त्यांनी. मग सैल सोडला."

हे मोहिनीने आधी कधी सांगितलं नव्हतं, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. धोंडाबाई उठली. उठताना तिने मागाचा आधार घेतला.

"लांबून आला तुम्ही," ती म्हणाली. "जेवून जा."

"नको, मावशी. बस आहे."

स्टँडपर्यंत दीपक सोबत चालत आला. नाशिकची गाडी लागलेली होती. ज्योत्स्ना चढायला लागली तेव्हा तो म्हणाला, "शेवटी तेवढं एक 'नाही' म्हणायला हवं होतं, मॅडम."

"जे मला माहीत नाही ते कसं म्हणू?"

"मग मी आता काय करू?"

कंडक्टरने बेल दिली. तिने पायरीवरून त्याच्याकडे पाहिलं. तो मागे सरकला आणि गाडी निघाली.

ती घरी पोचली तेव्हा भिमाबाई एका हाताने लसूण सोलायची खटपट करत होती. साक्षी शेजारी अभ्यासाला बसली होती.

"काय म्हणाली ती बाई?" भिमाबाईने विचारलं.

"जेवून जा म्हणाल्या."

"मग जेवलीस?"

"नाही."

भिमाबाईने हातातली पाकळी खाली ठेवली.

"जेवायचं होतंस गं," ती म्हणाली.